वाचकांचे प्रश्न : सेलिया क्रूस, हवाना ते ब्राँक्स

क्यूबन गायिका सेलिया क्रूस हिचा जन्म २१ ऑक्टोबर १९२५ चा, हवानातल्या सान्तोस सुआरेस वस्तीतला. २०२५ मध्ये तिची जन्मशताब्दी झाली आणि तेव्हापासून या सदराकडे तिच्याबद्दल बरीच पत्रं आली. कुणाला गाणी हवीत, कुणाला ताल समजून घ्यायचाय, एकाला तर फक्त कॉफीत रस आहे. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

सेलियाला ‘साल्साची राणी’ म्हणतात. पण साल्सा हे नाव गाजलं १९७० च्या दशकात आणि ती तर १९५० पासून मोठी गायिका होती. मग आधी ती काय गात होती? ऐकायला सुरुवात कुठून करू? (एक वाचक, नाशिक)

बऱ्याच अंशी तेच गात होती. फक्त त्याला तेव्हा सोन, ग्वाराचा, रुंबा, बोलेरो अशी आपापली नावं होती.

ला सोनोरा मातान्सेरा हा वाद्यवृंद १९२४ मध्ये मातान्सास शहरात सुरू झाला. त्यात पोर्तो रिकोची मिर्ता सिल्वा गात असे. ती मायदेशी परतल्यावर ऑगस्ट १९५० मध्ये सेलिया तिच्या जागी आली. श्रोत्यांनी सुरुवातीला नाराजीची पत्रं पाठवली, कारण त्यांना मिर्ताच हवी होती. न्यूयॉर्कच्या सीको कंपनीचा मालक सिडनी सीगल यालाही बाईच्या आवाजातल्या नाचाच्या रेकॉर्डी खपतील असं वाटेना. तेव्हा वृंदाचे प्रमुख रोहेलिओ मार्तीनेस यांनी, रेकॉर्ड पडली तर तिचे पैसे मी भरतो, असं सांगून त्याला राजी केलं. ‘काओ काओ मानी पिकाओ’ आणि ‘माता सिग्वाराया’ या पहिल्या गाण्यांनीच प्रश्न मिटवला. पुढची १५ वर्षं ती याच वृंदाबरोबर होती.

आता साल्साकडे या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि क्यूबा यांच्यातलं दार बंद झालं. हवानातून न्यूयॉर्कला येणाऱ्या रेकॉर्डी आणि कलाकार थांबले. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आणि डॉमिनिकन तरुण वादकांकडे उरलं ते १९५० च्या दशकातलं भांडवल, आणि त्यात सोनोरा मातान्सेराचा वाटा फार मोठा. जॉनी पाचेको हा डॉमिनिकन संगीतकार तर या वृंदाचा भक्तच. त्याने वकील जेरी मासुच्ची याच्याबरोबर १९६४ मध्ये फानिया कंपनी काढली. फानियाच्या वाया या शाखेने १९७४ मध्ये पाचेको आणि सेलिया यांची ‘सेलिया अँड जॉनी’ ही एल.पी. आणली, तीत सोनोराच्या धर्तीचे ट्रम्पेट होते आणि जोडीला त्रेस हे तीन जोडतारांचं क्यूबन तंतुवाद्य. सेलिया तेव्हा ४८ वर्षांची होती. ती साल्सात आली असं लिहिण्याची पद्धत आहे. आमच्या मते साल्साच तिच्या दारी आला, ती होती तिथेच होती.

म्हणून सुरुवात उलट्या टोकाकडून करू नका. बहुतेक जण १९९८ च्या ‘ला विदा एस उन कार्नावाल’पासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. आधी सोनोराबरोबरची ‘बुरुन्दांगा’, ‘कारामेलोस’, ‘एल येर्बेरो मोदेर्नो’ ऐका. मग तितो पुएन्ते यांच्या मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबरचं १९६६ चं ‘बेम्बा कोलोरा’. या काळातल्या तिच्या टीको कंपनीच्या एल.पी. खपल्या नाहीत, कारण न्यूयॉर्कची पोरं तेव्हा बुगालू या नव्या नाचगाण्याच्या प्रकारावर नाचत होती. पण गाणं कमी प्रतीचं अजिबात नाही. त्यानंतर ‘सेलिया अँड जॉनी’ अथपासून इतिपर्यंत, मधली गाणी न गाळता. शेवटी १९९८ चं ते गाणं आणि २००१ चं ‘ला नेग्रा तिएने तुम्बाओ’ ऐका. या क्रमाने गेलात तर शेवटच्या गाण्यातल्या रॅपच्या तुकड्यापाशी पोचेपर्यंत तिच्या आवाजात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे न सांगता कळेल.

तिला क्यूबातून हाकललं की ती पळून गेली? दोन्ही वाचायला मिळतं. (एक वाचक, सोलापूर)

यातलं एकही बरोबर नाही. १५ जुलै १९६० रोजी सोनोरा मातान्सेरा मेक्सिकोतल्या करारासाठी हवानातून निघाली आणि सेलिया त्यांच्याबरोबर होती. असे दौरे वृंद नेहमीच करत असे. पण फिडेल कॅस्ट्रोच्या क्रांतीला दीड वर्ष झालं होतं, रेडिओ, क्लब आणि कंपन्या एकेक करून सरकारच्या ताब्यात जात होत्या. वृंद परतला नाही. सरकारने तो देशत्याग मानला, आणि मग परतीचा रस्ता सरकारच्या परवानगीवर लटकला.

१९६१ मध्ये ती अमेरिकेत आली. ७ एप्रिल १९६२ रोजी तिची आई हवानात वारली, तेव्हा सेलिया न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम करत होती. अंत्यसंस्काराला जायची परवानगी मिळाली नाही. कॅस्ट्रो सत्तेवर असेपर्यंत क्यूबात पाय ठेवणार नाही ही तिची पुढची भूमिका या नकारानंतर घट्ट झाली. त्याच वर्षी १४ जुलैला तिने वृंदातला ट्रम्पेटवादक पेद्रो नाईट याच्याशी लग्न केलं. पुढे त्याने ट्रम्पेट खाली ठेवला आणि तिचं व्यवस्थापन हाती घेतलं.

तरीही एकदा ती क्यूबाच्या जमिनीवर उभी राहिली. ग्वान्तानामोचा नाविक तळ १९०३ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे जायला हवाना सरकारचा व्हिसा लागत नाही. १९९० मध्ये तिथल्या कार्यक्रमाला गेली असता कुंपणाखालून पलीकडची मूठभर माती तिने पिशवीत भरून आणली. ती माती तिच्याबरोबर पुरली गेली.

क्यूबात तिची गाणी सरकारी रेडिओवर वाजत नसत. २०१२ मध्ये ही बंदी उठल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. गंमत अशी की बंदी घातलेल्यांची यादी कधी अधिकृतपणे जाहीरच झाली नव्हती, त्यामुळे काय उठलं हे सांगणंही कठीण. २००३ मध्ये ती गेली तेव्हा ‘ग्रान्मा’ या पक्षाच्या मुखपत्राने अगदी त्रोटक बातमी दिली. तीत तिला महत्त्वाची गायिकाही म्हटलं आणि क्रांतीविरोधी मोहिमांत सामील असल्याचंही नोंदवलं.

निर्वासित क्यूबनांचं गीत ठरलेलं ‘कुआन्दो साली दे कुबा’ तिने गायलं, तेव्हा ते तिच्या आयुष्यावर लिहिलंय असंच लोकांना वाटलं. प्रत्यक्षात ते लुईस आगिले या अर्जेंटिनाच्या गायकाचं. ‘ला विदा एस उन कार्नावाल’ लिहिणारा विक्टर दानिएल हाही अर्जेंटिनाचाच.

मी तबला शिकतो. साल्सात ‘क्लावे’ नावाचा ताल असतो म्हणतात. तीनतालासारखा मोजता येईल का? टाळी कुठे द्यायची? (एक वाचक, सांगली)

मोजता येईल, आणि तबलजींना हे इतरांपेक्षा लवकर जमतं. पण दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं, ती आधीच सांगून ठेवतो.

क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन दांड्या आणि त्यावर वाजणारा पाच ठोक्यांचा नमुना. १६ मात्रा घ्या. पायाचा ठेका तीनतालाच्या चार विभागांच्या पहिल्या मात्रांवर, म्हणजे १, ५, ९ आणि १३ वर ठेवा. खाली वगैरे विसरा, चारही ठेके सारखे. आता टाळ्या द्या १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. झालं ‘३–२’ सोन क्लावे : पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. टाळ्यांमधली अंतरं ३, ३, ४, २, ४ अशी येतात. बेरीज १६.

पायाबरोबर फक्त पहिली आणि शेवटची टाळी पडते. मधल्या तीन अधांतरी आहेत, आणि चुका तिथेच होतात. सगळ्यात जास्त बिघडते ती चौथ्या मात्रेवरची. हात पायाच्या मोहाने पाचवीवर सरकतो आणि सगळा ताल मठ्ठ होतो. उपाय असा : आठवडाभर फक्त १–४–७ एवढाच तुकडा पायासकट म्हणा आणि दुसऱ्या अर्ध्यात गप्प बसा. दुसरी चूक म्हणजे १३ नंतर घाई करणं. तिथून पुढच्या १ पर्यंत चार मात्रांचं अंतर आहे, ते पूर्ण भरा.

‘२–३’ क्लावे म्हणजे हेच, फक्त अर्धे उलटे केलेले. टाळ्या ३, ५, ९, १२, १५ वर येतात. गाणं कोणत्या बाजूने सुरू होतं हे गायकीच्या ओळीवर ठरतं. पण एकदा क्लावे सुरू झाली की ती मध्येच उलटत नाही, गाण्याची ओळ तिच्या हिशेबाने बसवली जाते. गायक किंवा पियानो उलट्या बाजूला गेला तर त्याला ‘क्रूसादो’ म्हणतात, म्हणजे तो आडवा गेला. सम चुकल्यावर बैठकीत जशा नजरा वळतात तशाच तिथेही वळतात. मात्र सम शोधायला जाऊ नका. इथे सगळे मिळून एका मात्रेवर उतरत नाहीत. बासवादक तर पहिली मात्रा मुद्दाम सोडतो. तो ४ आणि ७ वर वाजवतो, पुढच्या अर्ध्यात १२ आणि १५ वर, आणि सातव्या मात्रेवरचा त्याचा स्वर बहुतेक वेळा पुढच्या आठ मात्रांच्या सुरावटीचा असतो.

रुंबा क्लावेत फरक एकाच टाळीचा आहे, सातवीवरची टाळी आठवीवर जाते. ‘सेलिया अँड जॉनी’मधलं ‘किंबारा’ ऐकताना हा फरक कानात ठेवा. ते गाणं गुआगुआंको या रुंबाच्या प्रकारातून आलंय.

सेलिया ऐकताना एक प्रयोग करा. क्लावे धरून ‘बेम्बा कोलोरा’ लावा आणि कोरस सुरू होण्याची वाट बघा. कोरस एकच ओळ परत परत म्हणतो आणि मधल्या मोकळ्या जागेत ती दर वेळी नवीन ओळ टाकते. या तत्काळ रचनेला सोनेओ म्हणतात. जागा ठरलेली असते, शब्द नसतात. कधी ती कोरसच्या शेपटीवरच सुरू करते, कधी अर्धी जागा रिकामी सोडते, पण संपते तेव्हा कोरसला उचलायला जागा बरोबर मोकळी असते. मैफलीत हे गाणं ती हवं तितकं लांबवत असे. क्लावेवर टाळी देत राहिलात तर ती किती उशिरा आली तरी घसरत नाही हे हाताला कळतं.

‘एल येर्बेरो मोदेर्नो’ या गाण्यात औषधी वनस्पतींची यादी आहे असं कळलं. हे क्यूबातलं घरगुती वैद्यक समजायचं का? (एक वाचक, सावंतवाडी)

कृपा करून समजू नका. ते फेरीवाल्याचं गाणं आहे. क्यूबात अशा गाण्यांना प्रेगोन म्हणतात आणि त्यांची मोठी परंपरा आहे. शेंगदाणेवाला, गोळ्याबिस्किटंवाला, झाडपाला विकणारा, प्रत्येकाची आरोळी आणि तिच्यावर बेतलेलं गाणं. हे नेस्तोर मिली यांनी लिहिलेलं.

यादीतली नावं आपल्या ओळखीची निघतील. सताप शिंका येणाऱ्याला, तुळशीच्या कुळातली अल्बाका रोडक्या माणसाला, आणि वाळा ज्याला दिसत नाही त्याला. आता मूळ स्पॅनिश शब्दांची यमकं बघा. सतापाला ‘रूदा’, शिंकणाऱ्याला ‘एस्तोर्नूदा’. वाळ्याला ‘वेतिवेर’, न दिसणाऱ्याला ‘नो वे’. रोग ठरवलाय तो यमकाने. वनस्पतीचा गुण तिथे नंतरची गोष्ट. वाळ्याने नजर सुधारत नाही, आणि सताप तर जपूनच हाताळावी लागते : तिचा रस अंगाला लागून ऊन पडलं तर कातडीवर फोड येतात, गरोदरपणी ती पोटात घेणं धोक्याचं.

गाण्यात ऐकण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. सेलियाचा आवाज खर्जाकडे झुकणारा, कॉन्ट्राल्टो. जलद यादी म्हणतानाही तिचं एकेक व्यंजन सुटं ऐकू येतं. गर्दीत माल विकणाऱ्याला शब्द गिळून चालत नाही, आणि तिने ते नेमकं उचललं आहे.

ती मध्येच ‘आसूकार!’ असं ओरडते. म्हणजे साखर ना? का? आणि क्यूबन कॉफी घरी कशी करतात? (एक वाचक, ठाणे)

साखरच. ती स्वतः सांगत असे की मायामीतल्या एका हॉटेलात वेटरने कॉफीत साखर घालू का विचारलं. क्यूबन माणसाला हा प्रश्न विचारायचाच कशाला, असं म्हणून ती ओरडली, ‘आसूकार!’ हा किस्सा ती मंचावर गाण्यांच्या मध्ये सांगायची. पुढे लोक किस्सा सांगायच्या आधीच हसायला लागले, तेव्हा तिने किस्सा गाळला आणि आरोळी ठेवली. क्यूबाची साखर उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या कष्टातून उभी राहिली, आणि काळ्या क्यूबन बाईच्या तोंडून हा शब्द येतो तेव्हा तो इतिहासही सोबत येतो, असं अनेक अभ्यासक म्हणतात. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

कॉफीची कृती. ३ कपांचा मोका पॉट, म्हणजे आचेवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं घ्या. खालच्या भांड्यात झडपेच्या खालीपर्यंतच पाणी भरा, त्यात साधारण १५० मिली मावतं. झडप पाण्याखाली गेली तर ती नीट काम करत नाही. चाळणीत गडद भाजलेली, बारीक दळलेली कॉफी १५ ते १७ ग्रॅम भरा आणि बोटाने सपाट करा. दाबू नका. दाबली की पाणी वर चढत नाही आणि कॉफी जळकी होते. चिकोरी नसलेली कॉफी हवी, आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुडीवर हे आधी वाचा.

वेगळ्या पेल्यात ३ ते ४ चहाचे चमचे साखर घ्या. मंद आचेवर पॉट ठेवा, झाकण उघडं. पहिले काळेभोर थेंब वर आले की त्यातली चमचाभरच कॉफी साखरेत घाला आणि पॉट परत आचेवर ठेवा. आता साखर चमच्याने जोरात फेटा, मिनिट-दीड मिनिट, रंग फिकट बदामी आणि पोत दाट होईपर्यंत. हीच एस्पुमिता. इथे बहुतेकांची चूक होते ती जास्त कॉफी घालण्याची. साखर विरघळून पाक होतो आणि मग कितीही फेटा, फेस धरत नाही. झालंच तसं, तर आणखी एक चमचा साखर घालून पुन्हा फेटा. पॉट फुरफुरायला लागला की लगेच उतरवा, उरलेली कॉफी फेटलेल्या साखरेवर बारीक धारेने ओता, हळूच ढवळा. फेस वर येतो. छोट्या पेल्यांत, घोट-दोन घोटच.

आमच्या साल्साच्या क्लासमध्ये ‘किंबारा’ लावलं की नवीन मुलांचे पाय अडकतात. चूक कुठे होते? (एक वाचक, पुणे)

गाणं निवडण्यात. ‘किंबारा’ वेगवान आहे आणि सुरुवातीला पियानो-बासचा आधार मिळायच्या आतच तालवाद्यं आणि आवाज अंगावर येतात. नवख्या मुलांना ‘एक’ कुठे आहे तेच कळत नाही. त्यांना ‘ला विदा एस उन कार्नावाल’वर नाचू द्या.

‘एक’ सापडत नसेल तर बासकडे लक्ष देऊ नका, तो पहिला ठोका सोडतो हे वर आलंच आहे. काँगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल ऐका. नेहमीच्या ठेक्यात काँगाचे दोन मोकळे, घुमणारे आवाज लागोपाठ पडतात ते ४ आणि ८ या मोजणीवर, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘एक’ किंवा ‘पाच’ येतो. ‘एक’वर नाचणाऱ्याचा पाय ४ आणि ८ लाच थांबलेला असतो : १ ला डावा पुढे, २ ला उजवा जागच्या जागी, ३ ला डावा जवळ, ४ थांबा, ५ ला उजवा मागे, ६ ला डावा जागेवर, ७ ला उजवा जवळ, ८ थांबा. म्हणजे पाय थांबतो तिथे काँगा बोलतो. गाण्याचा उत्तरार्ध, म्हणजे मोंतूनो सुरू झाला की बोंगोवादक बोंगो (ढोलक्यांची छोटी जोडी) सोडून गायीच्या घंटेसारखी मोठी घंटा घेतो. तिचे जड ठोके १, ३, ५, ७ वर असतात आणि नवख्यांना त्यांचा मोठा आधार होतो.

जलद गाण्यात पाऊल आपल्या पावलाच्या लांबीएवढंच टाकायचं. मुलं पाऊल मोठं ठेवून वेग वाढवायला बघतात, मग ४ चा थांबा खाल्ला जातो आणि तिथून सगळं पुढे पळतं.

जुन्या बाजारात सेलियाची सीको कंपनीची रेकॉर्ड मिळाली. वाजवू का? ऑनलाइन गाण्यांवरची सालंही काहीच्या काही दिसतात. (एक वाचक, कोल्हापूर)

आधी बघा ती ७८ वेगाची आहे की एल.पी. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एल.पी.ची सुई तिच्या तिप्पट-चौपट बारीक. ती ७८ च्या खाचेच्या तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुईही जाते. ७८ लाखेच्या असतात, म्हणून स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. शुद्ध केलेलं पाणी, त्यात साध्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून. उभी ठेवा, आडवी रचू नका.

१९५० च्या दशकातली मूळ ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. त्याच गाण्यांच्या कव्हरवर स्टिरिओ लिहिलेलं असेल तर तो नंतरचा खटाटोप. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबून ऐका, खरखरही कमी होते.

ऑनलाइन साल दिसतं ते बहुधा संकलनाचं असतं. सालापेक्षा कानावर विश्वास ठेवा. दोन ट्रम्पेट, पियानो, बास, तालवाद्यं आणि नाकात गाणारा उंच कोरस असेल तर ती जुनी सोनोरा. तो उंच आवाज मराकास (खुळखुळे) वाजवणाऱ्या काइतोचा. सॅक्सोफोन आणि ट्रोम्बोनची भरगच्च फळी असेल तर तितो पुएन्ते. सोनोरा आणि सेलिया १९८२ मध्ये ‘फेलीस एन्कुएन्त्रो’साठी पुन्हा एकत्र आले होते, तेव्हा नुसतं वृंदाचं नाव वाचून रेकॉर्ड १९५० च्या दशकातली आहे असं धरू नका.

तिचे ते बिनटाचेचे उंच बूट खरे होते का? (एक वाचक, नागपूर)

खरे. मेक्सिकोतला चपलाकार मिगेल निएतो ते करून देत असे. टाच जिथे असायची तिथे पोकळी, सगळा भार चवड्याखालच्या वळवलेल्या भागावर. काही पोशाख आणि बूट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. २००५ मध्ये तिथे तिच्यावर मोठं प्रदर्शनही झालं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिची कबर जवळपास आहे असं ऐकलं. कसं जायचं? (एक वाचक, एडिसन)

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातल्या वुडलॉन दफनभूमीत. ती १६ जुलै २००३ रोजी तुमच्याच राज्यात, फोर्ट ली इथे मेंदूच्या कर्करोगाने गेली. पार्थिव आधी मायामीला नेलं, तिथे फ्रीडम टॉवरमध्ये लोकांनी दर्शन घेतलं. कॅस्ट्रोच्या क्यूबातून आलेल्या निर्वासितांची नोंदणी एकेकाळी याच इमारतीत व्हायची. मग २२ जुलैला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभा आणि त्यानंतर वुडलॉन.

मॅनहॅटनमधून ४ नंबरची सबवे धरा आणि शेवटच्या वुडलॉन स्टेशनला उतरा, जेरोम अ‍ॅव्हेन्यूचं फाटक तिथून चालत आहे. याच नावाचं मेट्रो-नॉर्थ रेल्वेचं स्टेशन दफनभूमीच्या दुसऱ्या बाजूला आहे, दोन्हींत गल्लत करू नका. गाडीने जाणार असाल तर जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून. जागा जवळजवळ ४०० एकर आहे, फाटकावर नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नका. तिच्या समाधीला खिडक्या आहेत, चाहत्यांना आत बघता यावं म्हणून. २००७ मध्ये गेलेला पेद्रो नाईटही तिथेच आहे. ड्यूक एलिंग्टन आणि माइल्स डेव्हिस याच दफनभूमीत आहेत, तेव्हा अर्धा दिवस हाताशी ठेवा.

मी परदेशी नाणी जमवतो. सेलियाचं नाणं एका विक्रेत्याने ‘दुर्मीळ’ म्हणून बऱ्याच चढ्या भावाने देऊ केलं. घ्यावं का? (एक वाचक, जळगाव)

नको. अमेरिकन टांकसाळीने २०२२ ते २०२५ या काळात कर्तबगार स्त्रियांच्या २५ सेंटच्या नाण्यांची मालिका काढली, त्यात सेलियाचं नाणं २०२४ चं. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला रुंबाच्या पोशाखातली सेलिया आणि तिची आरोळी, ‘आसूकार!’ वजन ५.६७ ग्रॅम, व्यास २४.३ मिमी, तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा थर. हे चलनातलं नाणं आहे, फिलाडेल्फियाच्या ‘पी’ आणि डेन्व्हरच्या ‘डी’ खुणेची नाणी तिथल्या दुकानांतून सुट्ट्या पैशांत मिळतात.

जास्त किंमत देण्यासारखी प्रत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’ खुणेची चांदीची प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली प्रत. ती आरशासारखी चकचकीत असते आणि कडेला तांब्याची लालसर रेघ दिसत नाही. साध्या नाण्याच्या कडेला ती रेघ स्पष्ट दिसते. विक्रेत्याकडून कडेचा जवळून काढलेला फोटो मागवा. लाल रेघ दिसली की चांदीचा भाव देण्याचं कारण नाही. अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर त्यांना पाकिटातली चिल्लर तपासायला सांगा.